रंग आमच्या पसंतीचा, पत्रा त्याच्या

आगोटीच्या आधी कोकणात पत्र्याच्या कामाला माणूस मिळत नाही. मिळाला की आपण भाव आणि तारीख एवढंच बघतो. परसात अवजारांसाठी शेड घालून घेणार असाल तर आमच्याकडे, चिपळूणजवळ, काय झालं ते वाचून मग आगाऊ पैसे द्या. त्या माणसाचं नाव लिहीत नाही, कारण तक्रार चालू आहे. आणि हे धंदे करणारा तो काही एकटाच नाही.

शेड १० बाय ८ फुटांची. खताच्या गोण्या, फवारणीचा पंप, ग्रास कटर, कोयते, फावडी, घमेली ठेवायची, आणि सासऱ्यांना, म्हणजे अण्णांना, बसून कलमं बांधता यावीत म्हणून खिडकीखाली एक फळी. माणूस बोलायला गोड. पहिल्याच भेटीत त्याने मोबाइलवर थ्रीडी चित्र दाखवलं आणि म्हणाला, "अण्णा, तुम्ही फक्त रंग सांगा. बाकी माझ्यावर सोडा." मग रोज व्हॉट्सअ‍ॅपवर एकेक प्रश्न. खिडकी पूर्वेला ठेवू की उत्तरेला? खुंट्या किती? गोण्यांची हातगाडी चढवायला उतार करू का? दारावर लेझरने कापलेली 'अण्णांची बाग' अशी पाटी लावूया, छान दिसेल. अण्णा तर त्याच्यावर फिदाच झाले.

जाडीचं आम्ही विचारलं होतं, कोटेशनमध्ये लिहूनही घेतलं होतं. रंगीत पत्रा ०.५० मिमी, चौकोनी पाइप ५० बाय ५०, जाडी २ मिमी. रंग बघायला त्याने पत्र्याचा तुकडा दिला, तो खरोखरच ०.५० चा होता. ठरलेले ६८ हजार, त्यातले ४५ हजार "माल उचलायला" आधीच. सांगाडा उभा राहिल्यावर खिडकी, फळी, उतार, पाटी, सगळं 'वाढीव काम' झालं आणि हिशोब ८० हजारांच्या पुढे गेला. चित्रात हे सगळं होतं की, असं म्हटलं तर उत्तर आलं, "वहिनी, ते नुसतं डिझाइन होतं."

पहिल्या वळवाच्या वाऱ्यात छत थडथडायला लागलं. पुतण्या एमआयडीसीत कामाला आहे, तो जाडी मोजायचं मायक्रोमीटर घेऊन आला. पत्रा भरला ०.३५. कंपनी पत्र्याच्या खालच्या बाजूला नाव आणि जाडी छापते. आमच्या पत्र्यांवर त्या जागी थिनरने पुसल्याचे निळसर फराटे होते, ओळीने, प्रत्येक पत्र्यावर. म्हणजे हे चुकून झालेलं नाही. पाइपचा उरलेला तुकडा कुंपणाशी पडला होता, तो निघाला १.२ मिमीचा. जोडांवर स्क्रूड्रायव्हर घासला तर रंगाखालून पुट्टीची खपली निघाली, आत चारी बाजूंनी वेल्डिंग करायचं सोडून नुसते दोन टाके. पायांना बेसप्लेट, म्हणजे तळाची लोखंडी पाटी, नाही, पाइप तसेच मातीत पुरलेले, खालची तोंडं उघडी. कोकणातल्या पावसात ते आतून कुजणार हे सांगायला इंजिनिअर नको.

यात पैसा कुठे मरतो ते सांगते. लोखंड तो किलोवर आणतो आणि आपल्याला चौरस फुटावर विकतो. ५० बाय ५० चा २ मिमीचा ६ मीटर पाइप साधारण १८ किलो भरतो, १.२ मिमीचा ११ किलो. रंग मारला की दोन्ही सारखेच दिसतात. पत्र्याचंही तेच: १ मिमी जाडीचं १ चौरस मीटर लोखंड ७.८५ किलो, त्यावरून कुठल्याही जाडीचा हिशोब निघतो. "थोडं प्लस-मायनस चालतंच" असं तो म्हणाला. कंपनीच्या मालात चालतं, पण ते इतकं नसतं.

म्हणून माल टेम्पोतून उतरतो त्याच दिवशी, कापायच्या आधी, एक अख्खा पाइप आणि एक अख्खा पत्रा काट्यावर घाला. भंगारवाल्याचा काटाही चालेल. पत्र्यावरच्या छापाचा फोटो काढा. वेल्डिंग रंगाआधी बघा. प्रायमर मारून आणलेला सांगाडा दारात घेऊच नका. जीएसटीचं बिल मागा, त्यावर जाडी लिहिलेली हवी. 'वाढीव' काय आणि कितीला, हे आगाऊ रक्कम देण्याआधी लिहून घ्या.

आम्ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला १९१५ वर तक्रार नोंदवली, आता जिल्हा ग्राहक आयोगाकडे जातोय. दिलेली रक्कम ५ लाखांपर्यंत असेल तर तिथे फी नाही, आणि कारण घडल्यापासून २ वर्षांच्या आत जावं लागतं. कोटेशन, तो नमुन्याचा तुकडा आणि व्हॉट्सअ‍ॅपवरचं सगळं बोलणं जपून ठेवलंय. परवा त्याचा मेसेज आला, हवं तर शेडला दुसरा रंग मारून देतो, अर्ध्या पैशात. तोही जोडलाय तक्रारीला.