पुढचं क्लॅरिनेट: यामाहा २५५ की ४५०?
मूल वरच्या सप्तकात सुरात वाजवू लागलं, की घरात हा प्रश्न निघतोच. २५५ एबीएस प्लास्टिकचं. कोल्हापूरच्या आषाढातल्या पावसाळी हवेतही निर्धास्त वापरा. ४५० ग्रेनाडिला लाकडाचं. त्याचे खालचे स्वर भरदार, आणि अगदी हलक्या फुंकेतही त्यांचा गोडवा टिकतो. मुलाचा कान तयार होतो तो इथेच. पण लाकूड ओल धरतं, तडकूही शकतं. नवं असताना रोज थोडाच वेळ वाजवायचं, प्रत्येक वेळी आतून पुसायचं, उन्हातल्या गाडीत कधीच ठेवायचं नाही. एवढी शिस्त मुलाकडे असेल तर माझं मत ४५०लाच. जुनं मात्र विकू नका, गणपतीच्या मिरवणुकीला तेच न्यावं. आणि बजेट अपुरं असेल तर आधी व्हँडोरेन बी४५सारखा चांगला माउथपीस, म्हणजे तोंडात धरायचा भाग, घ्या.