भरताची पंगत: पाहुणे ॲपवरून की आपल्या गटातून?

घरी पैसे घेऊन दहा जणांची पंगत बसवली तर महिन्याला किती सुटतील, असं कुणी विचारलं की मी उलट विचारतो: माणसं आणणार कुठून? घरगुती जेवणाची ताटं बुक करायच्या ॲपवरून, की स्वतःच्या व्हॉट्सॲप गटातून? पुण्यात रविवारच्या वांग्याच्या भरताच्या पंगती मी दोन्ही तऱ्हांनी घातल्यात. एफएसएसएआयची, म्हणजे अन्नसुरक्षा प्राधिकरणाची, नोंदणी आणि घरगुती लाल सिलिंडरऐवजी 19 किलोचा व्यावसायिक सिलिंडर दोन्हीकडे लागतोच, म्हणून ते बाजूला ठेवतो.

कागदावर ॲप जिंकतं. अनोळखी माणूस ताटाचे 900 रुपये निमूट भरतो. ॲपवाल्यांचे 20 टक्के गेले तरी दहा ताटांचे 7200 हातात येतात. भाजी-किराणा ताटामागे 250, भाकरीवाल्या मावशींचे 1200, गॅस-पत्रावळी 300; म्हणजे उरले 3200. पैसे मागायचा संकोचही नाही. गटात मी 700च लावतो. ओळखीच्या माणसाला 900 सांगताना जीभ अडखळते, काय करणार! दहाही आले तर तिथे उरतात 3000.

मग एक शनिवार आला. रात्री पावणेदहाला फोन वाजला, चौघांनी एकदम रद्द केलं. त्या ॲपवर आदल्या रात्री बारापर्यंत रद्द केलं की पूर्ण पैसे परत. इकडे जळगावची हिरवी वांगी सकाळीच ट्रॅव्हल्समधून उतरवून घेतलेली, भाकरीसाठी कळण्याचं, म्हणजे ज्वारी-उडदाचं, पीठ दळून आलेलं, मावशींना सकाळी आठला बोलावलेलं. सहा ताटांचे हाती आले 4320 आणि खर्च दहाचाच, 4000. दोन दिवस खपून 320 रुपये. उरलेल्या वांग्यांचं भरीत आम्ही बुधवारपर्यंत खाल्लं. मुलीनं पुढे महिनाभर घरात वांगं येऊ दिलं नाही.

सगळीच ॲपं अशी नसतील. तुमचे पाहुणे शब्दाचे पक्केही निघतील. पण माझं मन तिथेच उडालं.

गटात नियम साधा: गुरुवारपर्यंत यूपीआयनं पूर्ण पैसे. पैसे परत नाहीत, जागा मात्र दुसऱ्याला देता येते. एकाला ताप आला तर त्यानं साडूला पाठवलं. साडू पाच भाकऱ्या जेवला आणि पुढच्या वेळची दोन ताटं सांगून गेला. त्रास इथेही आहे. एका काकूंनी सगळ्यांसमोर विचारलं, "आम्ही पाहुणे की गिऱ्हाईक रे?" न सांगता आणलेली पोरं मी मोजतच नाही. आणि तीच चाळीस माणसं फिरून फिरून किती वेळा येणार, हाही प्रश्न आहेच.

शहरात नवे असाल, ओळखीपाळखी नसतील, तर पहिले दोन-तीन रविवार ॲपवर काढायला हरकत नाही. फक्त हिशेब दहाचा नको, सहा ताटांचा धरा. त्यात खर्च निघत नसेल तर दर चुकलाय. आणि एका महिन्याच्या कमाईला बारानं गुणू नका. भरताचा खरा हंगाम दिवाळीनंतर सुरू होतो आणि उन्हं तापायला लागली की ओसरतो. माझ्या तर वर्षाकाठी जेमतेम आठ पंगती होतात. यंदाच्या पहिलीची नऊ ताटं भरलीत, दहावं साडूसाठी ठेवलंय.