चक्कर आईला, पॅकेज सायनसचं

अंथरुणात कूस बदलली की आईला खोली गरगर फिरताना दिसायची. त्यात सर्दीने डोकं जड. मामांनी ऑटोच्या मागे ‘सायनसची चक्कर मुळापासून बंद’ अशी जाहिरात वाचली आणि ते तिला नागपुरात मानेवाड्याकडच्या त्या सेंटरमध्ये घेऊन गेले.

तिथल्या माणसाने आईच्या नाकात कॅमेऱ्याची नळी घातली आणि टीव्हीवर दाखवलं, ‘‘बघा भाऊ, किती सूज! हे पाणी कानात उतरून राहिलं, उद्या मेंदूत जाईल.’’ नाकाचं आतलं अस्तर सगळ्यांचंच गुलाबी, ओलसर असतं. एवढं मोठं करून दाखवलं की कोणीही घाबरेल. मामा घाबरले. १८,००० रुपये आधीच भरून घेतले. बदल्यात वाफ, नाकात थेंब आणि नाव नसलेल्या पुड्या. पावती नाहीच.

मला राग याचा येतो, की त्याचं बोलणं अर्धं खरं होतं. सायनसला सूज आली की नाकाच्या मागून कानाकडे जाणारी नळी तुंबू शकते, कानात दडे बसतात, तोल गेल्यासारखं वाटतं. पण सायनसचं पाणी नाकात उतरतं. आणि कूस बदलताच काही सेकंद सगळं फिरणं हे बहुतेकदा आतल्या कानाचं दुखणं असतं: तिथले कॅल्शियमचे बारीक कण जागा सोडून तोल सांभाळणाऱ्या नलिकेत शिरतात. चक्कर नेमकी केव्हा येते, हे त्या माणसाने विचारलंसुद्धा नाही. कान तर पाहिलाच नाही.

मग मेडिकलच्या, म्हणजे सरकारी मेडिकल कॉलेजच्या, कान-नाक-घसा ओपीडीत डॉक्टरांनी आईची मान वळवून तिला झटकन आडवं केलं, बुबुळं कशी हलतात ते पाहिलं. मग डोकं टप्प्याटप्प्याने फिरवून कण जागेवर नेले. याला एप्ली पद्धत म्हणतात. आईची चक्कर त्याने थांबली. सर्दीसाठी मिठाच्या पाण्याने नाक धुवायला सांगितलं, बस.

असं कोणी पॅकेज सांगितलं तर आधी डॉक्टरचा नोंदणी क्रमांक मागा. चकरेसोबत दोन-दोन दिसत असेल, जीभ अडखळत असेल, हात किंवा पाय लुळा पडत असेल तर कुठल्याही सेंटरात वेळ घालवू नका, थेट मोठ्या दवाखान्यात न्या.

सेंटरवाल्याला पैसे परत मागितले तर ‘कोर्स अर्धवट सोडला’ म्हणाला. ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार दिली आहे. उरलेल्या पुड्या पुरावा म्हणून ठेवल्यात. तुमच्याकडे असतील तर फेकू नका, आणि यूपीआयने पैसे दिले असतील तर त्याचा स्क्रीनशॉटही काढून ठेवा.