एनएचएलई तक्त्यावर प्रॉस्पेक्ट तोलणे: सात महिन्यांच्या वापरानंतर

फँटसी हॉकीत (खऱ्या खेळाडूंचे कागदी संघ बांधून त्यांच्या आकड्यांवर खेळायचा खेळ) संघ मोडून नव्याने बांधायला घेतला की पहिली अडचण तुलनेची येते. (हॉकी म्हणजे इथे बर्फावरची, उत्तर अमेरिकेतल्या एनएचएल या व्यावसायिक लीगची.) एक पोरगा ओंटारियोच्या ज्युनियर लीगमध्ये (ओएचएल) सामन्यामागे दीड पॉइंट (गोलला एक, असिस्टला म्हणजे गोलसाठी दिलेल्या पासला एक) काढतोय, दुसरा स्वीडनच्या एसएचएलमध्ये बाप्या माणसांत खेळून जेमतेम अर्धा. दोघांना एकाच तराजूत घालण्यासाठी एनएचएलई नावाचा आकडा (दुसऱ्या लीगमधल्या पॉइंटचं एनएचएलमधलं समतुल्य) वापरतात. तो रूढ केला गॅब्रिएल डेजार्डिन यांनी. हिशेब सोपा आहे: पॉइंट भागिले सामने, गुणिले त्या लीगचा गुणक, गुणिले ८२ सामने (एका मोसमाइतके). ऑक्टोबर ते एप्रिल, १२ संघांची डायनेस्टी लीग (खेळाडू वर्षानुवर्षं आपल्याकडेच राहतात अशी), प्रत्येकी १५ प्रॉस्पेक्टच्या (अजून एनएचएलमध्ये न रुळलेल्या पोरांच्या) जागा, गुण फक्त गोल आणि असिस्टचे, अशा मांडणीत वापरून जे दिसलं ते लिहितोय.

तक्ता ठेवावा, पण त्यातल्या आकड्याला पॉइंटचा अंदाज समजू नये. कॉनर मॅकडेव्हिडचंच बघा. २०१४-१५ मध्ये ओएचएलला ४७ सामने, १२० पॉइंट. ओएचएलचा जुना गुणक ०.३० घेतला तर उत्तर येतं ६३. नव्या तक्त्यांत हाच गुणक ०.१४ च्या आसपास असतो, मग उत्तर २९. प्रत्यक्षात पहिल्या मोसमात त्याने ४५ सामन्यांत ४८ काढले, म्हणजे ८२ सामन्यांच्या दराने ८७. दोन्ही उत्तरं साफ चुकली.

दोन गुणकांत एवढी तफावत का, हे समजून घेतल्याशिवाय तक्ता हातात धरू नये. जुनी पद्धत फक्त तीच पोरं मोजायची जी ज्युनियरमधून थेट एनएचएलमध्ये गेली. थेट कोण जातं? निवडक, सगळ्यात तयार पोरं. साहजिकच गुणक फुगतो. नवी पद्धत साखळी जोडते: ओएचएलमधून एएचएल (एनएचएलच्या खालची व्यावसायिक लीग), एएचएलमधून एनएचएल, आणि वाटेत गळालेल्यांनाही हिशेबात धरते. त्यामुळे गुणक खाली येतो. एकाच लीगमधल्या दोघांची रांग लावायची तर कुठलाही गुणक चालतो, कारण दोघांनाही तोच लागतो. घोळ होतो तो दोन लीग जोडताना. २०२२-२३ मध्ये कॉनर बेडार्डचे डब्ल्यूएचएलमध्ये (पश्चिम कॅनडाची ज्युनियर लीग) ५७ सामन्यांत १४३ पॉइंट होते, लिओ कार्लसनचे एसएचएलमध्ये ४४ सामन्यांत २५. एसएचएलला ०.५७ आणि डब्ल्यूएचएलला ०.१४ दिले तर बेडार्ड २९, कार्लसन २७, जवळपास बरोबरी. डब्ल्यूएचएलला चुकून जुन्या तक्त्यातला ०.३० लावला की बेडार्ड ६२ वर जाऊन बसतो. म्हणून पहिला नियम: सगळे गुणक एकाच तक्त्यातले घ्या. नेटवर मिळतील तिथून एकेक उचलून जोडलेली शीट हमखास फसवते, आणि फसवतेय हे कळतही नाही.

गुणकानंतर सगळ्यात उपयोगी रकाना जन्मतारखेचा. ड्राफ्टसाठी, म्हणजे एनएचएल संघांच्या वार्षिक निवडीसाठी, १५ सप्टेंबरपर्यंत १८ पूर्ण लागतात. ऑस्टन मॅथ्यूजचा जन्म १७ सप्टेंबर १९९७ चा. दोन दिवसांनी २०१५ चा ड्राफ्ट हुकला, आणि मधलं वर्ष तो झुरिकला मोठ्यांच्या लीगमध्ये खेळला. अॅलेक्सिस लाफ्रेनिएर ११ ऑक्टोबर २००१ चा, म्हणजे २०२० च्या तुकडीत वयाने थोरल्यांपैकी. त्याचे क्यूएमजेएचएलमधले (क्युबेकची ज्युनियर लीग) ५२ सामन्यांत ११२ पॉइंट बघताना हे डोक्यात हवं. सतराव्या-अठराव्या वर्षी अकरा महिन्यांचा फरक म्हणजे खांदे, पाय, वजन, सगळ्यात फरक. शीटमध्ये ‘ड्राफ्टचं वर्ष’ न लिहिता ‘१५ सप्टेंबरला वय’ दशांशात लिहा, १७.९ किंवा १८.१ असं. ऑक्टोबर-नोव्हेंबरात जन्मलेल्या पोरांचे आकडे त्याच तुकडीतल्या उन्हाळ्यात जन्मलेल्यांशी भिडवण्याऐवजी मागच्या तुकडीतल्या धाकट्यांशी भिडवावेत. हा एक रकाना वाढवला की यादी बरीच हलते.

तक्त्याला लाइनमेट (सोबत बर्फावर उतरणारे फॉरवर्ड) दिसत नाहीत, ही त्याची मोठी खोट. ओएचएलमधल्या इरी ऑटर्सचा, म्हणजे मॅकडेव्हिडचा, २०१४-१५ चा संघ यासाठी उत्तम नमुना आहे. हात मोडल्यामुळे मॅकडेव्हिड बरेच सामने बाहेर, आणि लीगमध्ये सर्वाधिक पॉइंट कोणाचे? डिलन स्ट्रोमचे, ६८ सामन्यांत १२९. स्ट्रोम तिसऱ्या क्रमांकावर निवडला गेला आणि अॅरिझोनात पहिल्या ४८ सामन्यांत त्याचे १६ पॉइंट झाले. त्याच इरीच्या संघात अॅलेक्स डिब्रिंकॅट होता, १०४ पॉइंट. बुटका, आणि शेजारी मॅकडेव्हिड, म्हणून त्याच्या आकड्यांवर विश्वास कोणी ठेवेना. पण मॅकडेव्हिड गेल्यावरही त्याने १०१ आणि मग १२७ काढले. ड्राफ्टमध्ये ३९ वा गेला, पहिल्याच एनएचएल मोसमात २८ गोल. तेव्हा एखाद्याच्या आकड्यात शेजाऱ्याचा हात किती, हे शेजारी गेल्यावरच्या वर्षात बघायचं. ते वर्ष अजून आलं नसेल तर सम-संख्येच्या खेळातले (दोन्ही बाजूंना सारखेच खेळाडू असतानाचे) गोल आणि पहिले असिस्ट (गोलआधीचा शेवटचा पास) वेगळे काढायचे. दुसऱ्या असिस्टवर (त्याआधीचा पास) आणि पॉवर प्लेवर (समोरचा खेळाडू शिक्षा होऊन बाहेर असताना) फुगलेला आकडा पुढच्या लीगमध्ये टिकत नाही. (स्ट्रोम नंतर शिकागोत डिब्रिंकॅटच्याच संघात गेला आणि ५८ सामन्यांत ५१ काढले. लवकर सोडून देणाऱ्यांना तो महागात पडला.)

रशियन पोरांसाठी सामन्यामागचे पॉइंट जवळजवळ निरुपयोगी. केएचएलच्या (रशियाची मुख्य लीग) बड्या संघात अठरा वर्षांच्या पोराला तेरावा फॉरवर्ड म्हणून बसवतात. बर्फावर तीन-चार मिनिटं मिळाली तरी हिशेबात पूर्ण सामना धरला जातो. मात्वेई मिचकोव्ह २०२२-२३ मध्ये एसकेए या बड्या संघाकडून ३ सामन्यांत शून्यावर होता, मग सोचीला उसना गेला आणि २७ सामन्यांत २० पॉइंट. पोरगा तोच, मोसम तोच. तेव्हा केएचएलसाठी दर ६० मिनिटांचा हिशेब करा आणि दोन संघांच्या ओळी वेगळ्या ठेवा. पुढच्या वर्षी सोचीत ४७ सामन्यांत ४१, ०.७७ च्या गुणकाने उत्तर ५५. २०२४-२५ मध्ये फिलाडेल्फियाकडून ८० सामन्यांत ६३. मोठ्यांच्या लीगमध्ये पुरेशी मिनिटं मिळालेला आकडा हा असा जवळ जातो, ज्युनियरचा इतका जात नाही. दुसरी गोष्ट कराराची: रशियातला करार संपेपर्यंत पोरगा येत नाही. किरिल काप्रिझोव्ह २०१५ ला पाचव्या फेरीत निवडला गेला आणि एनएचएलमध्ये उतरला जानेवारी २०२१ ला. पाच-साडेपाच वर्षं एक जागा अडवून ठेवायची तयारी असेल तरच. पुनर्बांधणी तीन वर्षांची ठरवली असेल तर असा खेळाडू कितीही गुणी असला तरी तो आपल्या वेळापत्रकात बसत नाही. त्याला विकून जवळचा माल घ्यावा.

बचावपटूंची यादी वेगळीच करा. लेन हटसनचे २०२३-२४ चे बॉस्टन विद्यापीठातले ३८ सामन्यांत ४९ पॉइंट ०.१९ च्या गुणकाने २० वर येतात. फॉरवर्डांच्या यादीत २० म्हणजे कुठेतरी खाली. बचावपटूंत हाच आकडा वरचा, आणि पुढच्याच मोसमात त्याने माँट्रियालकडून ६६ काढून काल्डर ट्रॉफी (सर्वोत्तम नवोदिताची) घेतली. बचावपटूच्या बाबतीत खरा प्रश्न एकच: पहिल्या पॉवर प्लेवर निळ्या रेषेवर (हल्ल्याच्या मागच्या टोकाला) हाच उभा राहणार का? संघात ती जागा पाच-सहा वर्षांसाठी आधीच कोणी अडवली असेल तर पोरगा चांगला असून आपल्या कामाचा नाही. आणि तुमच्या लीगमध्ये हिट (धडक) आणि ब्लॉकला (अंगावर अडवलेला फटका) गुण असतील तर हा तक्ता बाजूलाच ठेवा. त्याला त्यातलं काही दिसत नाही.

पॉवर प्लेचा प्रश्न फॉरवर्डांनाही आहेच. लाफ्रेनिएरच्या पहिल्या मोसमात ५६ सामन्यांत २१ झाल्यावर त्याचा भाव कोसळला. पण त्याच्या रेंजर्स संघाच्या पहिल्या पॉवर प्लेवर पानारिन, झिबानेजाद, क्रायडर बसलेले. नव्या पोराला जागा कुठून मिळणार? २०२३-२४ मध्ये ५७ पॉइंट आले तेही बहुतेक सम-संख्येच्या खेळातले. संघाच्या एकूण पॉवर प्ले वेळेतला किती हिस्सा खेळाडूला मिळतो तो बघा. ५० टक्क्यांच्या वर असेल तर तो पहिल्या गटात आहे, ३५-४० असेल तर दुसऱ्या. हा हिस्सा वाढू लागला की पॉइंट मागून येतात, आणि मधल्या त्या तीन-चार आठवड्यांत माल स्वस्त असतो.

विकायची वेळ डिसेंबरअखेर ते ५ जानेवारी. वर्ल्ड ज्युनियर्समध्ये (२० वर्षांखालच्यांची जागतिक स्पर्धा) पोरं फार तर सात सामने खेळतात आणि तेवढ्यावर भाव दुप्पट होतात. सात सामन्यांनी एनएचएलईत काही हलत नाही, हलू देऊही नये. २० सामन्यांच्या आतली ओळ करड्या रंगात ठेवावी. २०२२ च्या बीजिंग ऑलिंपिकमध्ये युराय स्लाफकोव्स्कीने ७ सामन्यांत ७ गोल मारले आणि सर्वोत्तम खेळाडू ठरला. त्याच मोसमात फिनलंडच्या लीगमध्ये त्याचे ३१ सामन्यांत १० पॉइंट होते. तो पहिला निवडला गेला, पण एनएचएलमध्ये ५० पर्यंत पोचायला दुसरा मोसम लागला.

सोडायचं कधी? ज्युनियरमधल्या पोराचा आकडा ड्राफ्टनंतरच्या वर्षात आपसूक वाढतो, कारण समोरचे बरेच जण आता त्याच्याहून लहान असतात. आकडा जागेवरच राहिला तर ती घसरण समजावी. २०२५-२६ पर्यंतच्या नियमाने १९ वर्षांच्या सीएचएल (ओएचएल, डब्ल्यूएचएल, क्यूएमजेएचएल मिळून) खेळाडूला एएचएलमध्ये पाठवता येत नसे: एक तर एनएचएल, नाही तर परत ज्युनियर. त्यामुळे त्या वर्षीचे फुगलेले १००-१२० पॉइंट पाहून हुरळू नये. नऊ सामने खेळवून परत पाठवला तर घाबरूही नये. दहावा सामना खेळला की कराराचं वर्ष खर्ची पडतं, म्हणून संघ तसं करतात. उंच, हाडापेराने मोठ्या खेळाडूंना मात्र जास्त मुदत द्या. टेज थॉम्पसन १४५ सामने खेळून एकूण ३५ पॉइंटवर होता, आणि त्याच्या पुढच्या मोसमात ३८ गोल.

गोलीसाठी, म्हणजे गोलरक्षकासाठी, तक्ता नाहीच. शेस्टर्किन २०१४ ला निवडला गेला आणि पहिला सामना खेळला जानेवारी २०२० ला. १५ पैकी दोनपेक्षा जास्त जागा गोलींना देऊ नयेत, आणि त्याही २२-२३ वर्षांच्या, एएचएलमध्ये पहिल्या पसंतीने खेळणाऱ्यांना.

आता एक रकाना पुन्हा बांधावा लागणार आहे. नोव्हेंबर २०२४ मध्ये एनसीएएने (अमेरिकेतल्या कॉलेज खेळांची संस्था) सीएचएल खेळाडूंना दार उघडलं, आणि २०२५-२६ पासून ज्युनियरमधली मोठी पोरं कॉलेजात येऊ लागली. डब्ल्यूएचएलमध्ये ५६ सामन्यांत १२९ काढणारा गॅव्हिन मॅकेना पेन स्टेटला गेला तो याच नियमाने. म्हणजे कॉलेजची लीग कठीण झाली आणि ज्युनियर थोडी सोपी, पण प्रचलित गुणक जुन्या वर्षांवर बेतलेले. नवे गुणक बसायला दोन-तीन मोसमांचे आकडे लागतील. तोवर शीटमध्ये एनसीएए आणि सीएचएलच्या ओळींना पिवळा रंग देऊन ठेवावा.