सरकारी भावापेक्षा स्वस्त: मार्च २०२०मध्ये एका कॉलनीच्या गळ्यात मारलेला माल

इंदूरच्या पश्चिमेकडच्या एका मराठीबहुल कॉलनीने मार्च २०२०च्या अखेरीस घरटी वर्गणी काढून माल घेतला: पाच लिटरचे चार कॅन सॅनिटायझर, दोनशे थ्री-प्लाय मास्क, पंचवीस ‘एन-९५’ आणि फाटकावर येणाऱ्या-जाणाऱ्याचं कपाळ तपासायला एक थर्मामीटर गन. यातली एकही वस्तू नावाप्रमाणे नव्हती. विकणारा कोण होता याला आता महत्त्व नाही, त्याचा फोन आठवड्याभरातच बंद झाला. माल कसा खोटा होता आणि तो दारात उतरतानाच कसा ओळखता आला असता, एवढंच इथे सांगायचं आहे. पुढची साथ कसलीही असली तरी पहिल्या महिन्यात हाच माल वेगळ्या लेबलाने दारात येईल.

तो काळ आठवा. ११ मार्चला जागतिक आरोग्य संघटनेने महामारी जाहीर केली. रंगपंचमीची गेर, म्हणजे रंग उडवत निघणारी शहराची मोठी मिरवणूक, रद्द झाली, आणि इंदुरात गेर रद्द होते म्हणजे काहीतरी गंभीर आहे हे लोकांना कळलं. १३ मार्चला केंद्राने मास्क आणि सॅनिटायझर अत्यावश्यक वस्तूंच्या यादीत घातले. २१ मार्चला भाव बांधून दिले: टू-प्लाय मास्क ८ रुपये, थ्री-प्लाय १० रुपये, सॅनिटायझरची २०० मिलीची बाटली १०० रुपये. २२ तारखेला दिवसभर जनता कर्फ्यू कडकडीत पाळला आणि संध्याकाळी थाळ्या वाजवत राजवाड्यावर तोबा गर्दी केली. त्याच आठवड्यात शहरात पहिले रुग्ण सापडले. दवा बाजारात सॅनिटायझर नव्हतं, औषधाच्या दुकानांवर ‘मास्क नहीं है’ असे कागद चिकटले होते.

त्या दिवसांत ओरड होती ती काळ्या बाजाराची. दीडशेची बाटली पाचशेला, दहाचा मास्क पन्नासला. लोक रागावले होते ते भावावर, आणि छापेही भावावरच पडत होते. त्यामुळे ज्याने भाव कमी ठेवला त्याच्याकडे कोणी संशयाने पाहिलंच नाही. बांधलेल्या दराने पाच लिटर सॅनिटायझरचे २५०० रुपये होतात. कॉलनीला कॅन मिळाला १८००ला. ‘भिया, सरकारी रेट से भी कम में दे रहा हूँ, आज ले लो, कल ये भी नहीं मिलेगा,’ एवढं एक वाक्य पुरलं. आमच्या मते जास्त भाव लावणाऱ्यापेक्षा हा जास्त धोकादायक. पाचशेला बाटली विकणाऱ्याने पैसे लुबाडले, पण बाटलीत बहुधा अल्कोहोल तरी होतं. या स्वस्तातल्या कॅनमुळे माणसं साबणाने हात धुणं सोडून नुसतं सुगंधी पाणी चोळत बसली.

आधी कागद पाहू, कारण तो मालाच्याही आधी हातात येतो. अर्धे पैसे आगाऊ, तेही एका व्यक्तीच्या खात्यावर यूपीआयने. दुकानाच्या नावावर नाही. बिल म्हणून व्हॉट्सॲपवर एक फोटो आला. जीएसटी क्रमांक पंधरा अक्षरी असतो. पहिले दोन अंक राज्याचे, मध्य प्रदेशचे २३, महाराष्ट्राचे २७. पुढची दहा अक्षरं म्हणजे व्यापाऱ्याचा पॅन. माल इंदूरजवळच्या ‘पीथमपूरच्या फॅक्टरीतून’ आणि बिलावरचा क्रमांक चौदा अक्षरी, ०७ने सुरू होणारा, म्हणजे दिल्लीचा. जीएसटीच्या पोर्टलवर क्रमांक टाकला की व्यापाऱ्याचं नाव, पत्ता आणि नोंदणी चालू आहे की रद्द, हे लॉग-इन न करता दिसतं. एवढं करायला मिनिटही लागत नाही, आणि लॉकडाऊनमध्ये तेवढी सवड सगळ्यांनाच होती.

आता कॅन. लेबलावर हिरवं पान, ‘९९.९ टक्के जंतूंचा नाश’ आणि मोठ्या अक्षरांत ‘अल्कोहोल बेस्ड’. अल्कोहोल कोणतं आणि किती टक्के, हे कुठेच नाही. खऱ्या लेबलावर इथाइल अल्कोहोल किंवा आयसोप्रोपाइल अल्कोहोल असं नाव, आकारमानाने टक्केवारी, उत्पादन परवाना क्रमांक, बॅच, उत्पादनाची व मुदतीची तारीख, एमआरपी आणि उत्पादकाचा पूर्ण पत्ता असतो. नवा, कधी न ऐकलेला ब्रँड म्हणजे खोटा, असं मात्र समजू नये. त्या मार्चमध्ये सरकारने साखर कारखान्यांना आणि डिस्टिलरींनाही सॅनिटायझर करायला परवानगी दिली होती, त्यामुळे कितीतरी अनोळखी नावांचा माल अगदी चोख होता. पाहायचा तो परवाना क्रमांक, आणि तो छापलेला हवा. वरून चिकटवलेल्या पट्टीवरचा धरू नये.

आत काय आहे ते घरच्या वजनकाट्यावर बऱ्यापैकी कळतं. अल्कोहोल पाण्यापेक्षा हलकं असतं. औषधाच्या दुकानातली ५० मिलीची सिरिंज घ्या, डिजिटल काट्यावर रिकामा पेला ठेवून आकडा शून्य करा आणि आधी १०० मिली साधं पाणी मोजा. ते ९९ ते १०० ग्रॅम भरलं तर तुमचं माप बरोबर आहे. मग पेला पुसून १०० मिली सॅनिटायझर मोजा. अल्कोहोल ८० टक्के असेल तर साधारण ८६ ग्रॅम, ७० टक्के असेल तर ८८-८९, ६० टक्के असेल तर ९१. इंदूरच्या एप्रिलमध्ये दुपारी मोजलं तर यात दीड-दोन ग्रॅमची घट धरा, कारण उष्णतेने द्रव फुगतो. जेलमध्ये हवेचे बुडबुडे राहतात, म्हणून जेल सिरिंजमध्ये भरून थोडा वेळ उभी ठेवावी. कॉलनीच्या कॅनमधलं द्रव्य ९८ ग्रॅम भरलं. म्हणजे पाणी, रंग, लिंबाचा वास आणि घट्टपणा आणणारी पावडर. हातावर चोळलं की गार लागत होतं खरं, पण ओल्या हाताला पंख्याखालीही गार लागतंच. खरं सॅनिटायझर अर्ध्या मिनिटात सुकतं. हे चिकट राहून मळासारखं गोळा होत होतं.

या वजनाची एक मर्यादा आहे आणि ती महत्त्वाची आहे. मिथेनॉल हे दुसरं अल्कोहोलही हलकंच असतं, त्यामुळे इथेनॉलऐवजी (म्हणजे इथाइल अल्कोहोलऐवजी) ते घातलं असेल तर काटा ८८ दाखवेल आणि तुम्ही निर्धास्त व्हाल. मिथेनॉल विषारी आहे. पोटात गेलं तर आंधळेपण किंवा मृत्यू, आणि त्याची वाफ व कातडीतून शिरणारा अंशही अपायकारक. वासावरून फरक करता येत नाही. काडी लावून पाहण्याचे व्हिडिओ तेव्हा फिरत होते. ते कोणी करू नये: दोन्ही अल्कोहोलं पेटतात, ज्वाळा उजेडात जवळजवळ दिसत नाही आणि हात भाजतो तो फुकटचा. म्हणून वजन फक्त ‘हे पाणी आहे’ एवढं सिद्ध करतं, ‘हे चांगलं आहे’ असं नाही. त्यासाठी परवाना आणि बिल लागतंच.

कोणी सॅनिटायझर घरी करायला निघालं तर जागतिक आरोग्य संघटनेचं सूत्र प्रसिद्धच आहे. दहा लिटरसाठी ९६ टक्के इथेनॉल ८३३३ मिली, ३ टक्के हायड्रोजन पेरॉक्साइड ४१७ मिली, ९८ टक्के ग्लिसरॉल १४५ मिली, बाकी उकळून गार केलेलं पाणी, आणि भरलेल्या बाटल्या ७२ तास तशाच ठेवायच्या, म्हणजे बाटलीत राहिलेले बीजाणू मरतात. पण हे औषधशाळेचं काम. अंगणात बादलीत रंगाचं थिनर आणि कोरफड घोटणाऱ्यांनी या सूत्राचं नाव घेऊ नये. आणि दहा रुपयांची साबणाची वडी त्या वेळीही प्रत्येक किराणा दुकानात होती. या विषाणूचं वरचं आवरण मेदाचं, ते वीस सेकंदांच्या साबणाने फुटतं. हातचं सोडून पळत्याच्या पाठी लागण्याचं एवढं स्वच्छ उदाहरण दुसरं नाही.

मास्क. थ्री-प्लायमध्ये बाहेरचे दोन थर साध्या स्पनबाँड कापडाचे आणि मधला मेल्टब्लोनचा, म्हणजे अतिशय बारीक धाग्यांचा. गाळण्याचं काम मधला थर करतो. टंचाई होती ती त्याचीच, म्हणून ठगाने तोच गाळला आणि स्पनबाँडचे तीन तुकडे शिवले. ‘मास्कमध्ये पाणी ओता, गळलं नाही तर असली’ ही कसोटी कुचकामी आहे, कारण स्पनबाँडही पाणी धरतं. मास्क कापाच. मधला थर पांढरा, मऊ, कागदी, बाहेरच्या कापडावर दिसणारे ठिपक्यांचे दाब त्यावर नसतात. ओढला तर ताणल्या न जाता तुटतो. त्यावर स्थिर विद्युतभार असतो, म्हणून कागदाचे बारीक कपटे त्याला चिकटतात. धुतला की भार जातो आणि मास्क निव्वळ फडकं उरतो. ‘वॉशेबल थ्री-प्लाय सर्जिकल’ असं लेबल दिसलं की तिथेच थांबावं.

‘एन-९५’वर अमेरिकेच्या ‘नायोश’ या संस्थेचं नाव छापलेलं होतं आणि बंद कानामागे जाणारे. ‘नायोश’मान्य मास्कचे पट्टे डोक्यामागून जातात आणि मास्कवरच ‘टीसी-८४ए’ने सुरू होणारा मान्यता क्रमांक असतो. कानाचे बंद आणि ‘नायोश’ एकत्र आले की माल खोटा. चिनी ‘केएन-९५’ला कानाचे बंद असू शकतात, पण त्यावर चिनी मानक ‘जीबी २६२६’ लिहिलेलं हवं. भारतीय मालावर भारतीय मानक आयएस ९४७३ आणि एफएफपी-२ हा दर्जा.

गन ही या खरेदीतली सगळ्यात बेमालूम फसवणूक, कारण ती चालत होती. फक्त ती माणसांसाठी नव्हती. कारखान्यात बॉयलरची नळी, मोटारीची बेअरिंग तपासायला जी इन्फ्रारेड गन वापरतात ती पांढऱ्या खोक्यात घालून दिली होती. ओळख मागच्या पट्टीवर असते. पल्ला उणे ५० ते ३८० अंश सेल्सिअस आणि अचूकता अधिक-उणे दीड-दोन अंश लिहिली असेल तर ती कारखान्याची. माणसांच्या गनचा पल्ला साधारण ३२ ते ४३, अचूकता अधिक-उणे ०.२ किंवा ०.३. ताप आहे की नाही हा सगळा प्रश्नच एका अंशाचा, तिथे दोन अंश चुकणारं यंत्र काय सांगणार? शिवाय कपाळाची कातडी शरीराच्या आतल्या तापमानापेक्षा थंड असते. माणसांची गन तो फरक हिशेबात घेऊन आकडा दाखवते, कारखान्याची जसं आहे तसं दाखवते. म्हणून फाटकावर सगळ्यांना ३३-३४ येत होतं आणि ‘कॉलनीत कोणालाच ताप नाही’ असं रोज वहीत चढत होतं.

याहून लबाड गन म्हणजे काहीही समोर धरा, ३६.५च्या आसपासच दाखवणारी. तिची परीक्षा सोपी: माणसाच्या मोडवर ठेवून फ्रीजमधल्या थंड पाण्याच्या पेल्यावर धरा. खरी गन आकडा न देता ‘लो’ दाखवते. पेल्याचंही तापमान ३६.४ आलं तर परत करा. पृष्ठभागाचा मोड असेल तर कुटलेल्या बर्फाच्या ढवळलेल्या पाण्यावर शून्याच्या जवळ आकडा यायला हवा. स्टीलच्या चकचकीत भांड्यावर धरू नका, तिथे चांगली गनही चुकते. आणि खरी गन असती तरी ताप नसलेला माणूस संसर्ग पसरवतच होता, ते वेगळंच.

फवारणीच्या बोगद्यांबद्दल थोडक्यात. एप्रिलमध्ये ‘सॅनिटायझर टनेल’ भाड्याने देणारे फिरत होते. १८ एप्रिल २०२०ला आरोग्य मंत्रालयाने माणसांवर रसायन फवारू नका असं स्पष्ट सांगितलं. सोडियम हायपोक्लोराइटने डोळे आणि घसा जळतो, विषाणू शरीराच्या आत असेल तर उपयोग शून्य. ते फरशी पुसायला ठीक: ४ टक्क्यांच्या द्रावणाचा एक भाग आणि पाण्याचे तीन भाग म्हणजे १ टक्का, आणि रोजचं रोज करायचं, कारण उजेडात त्याचा जोर जातो.

मालाबाहेरची लूट फोनवर चालली होती. २८ मार्चला पीएम केअर्स निधी जाहीर झाला आणि लगेच त्याच्याशी मिळतेजुळते यूपीआय पत्ते उगवले. खऱ्या ‘पीएमकेअर्स@एसबीआय’मधला एक ‘एस’ गाळला की झालं. २७ मार्चला रिझर्व्ह बँकेने कर्जाच्या हप्त्यांना तीन महिन्यांची सवलत देऊ केली, तर ‘काकू, हप्ता पुढे ढकलायला आलेला ओटीपी सांगा’ असे फोन सुरू झाले. हप्ता पुढे ढकलायला ओटीपी कोणालाही वाचून दाखवावा लागत नाही. ‘आगाऊ रक्कम परत करतो, हा क्यूआर स्कॅन करा’ म्हणणाऱ्यालाही हेच लागू: पैसे घ्यायला पिन कधीच टाकावा लागत नाही, पिन टाकला की पैसे जातात.

आज असा पैसा गेला तर १९३० वर ताबडतोब फोन करावा. २०२०मध्ये हा क्रमांक नव्हता, फक्त सायबर गुन्ह्यांचं सरकारी पोर्टल होतं. जितक्या लवकर कळवाल तितकी समोरच्या खात्यातली रक्कम गोठण्याची शक्यता जास्त. व्यवहाराचा बारा अंकी यूटीआर क्रमांक, चॅट आणि नंबर यांचे स्क्रीनशॉट काढून ठेवावेत. समोरचा माणूस आपल्या बाजूचे मेसेज पुसून टाकतो. मालाच्या तक्रारीसाठी ग्राहक हेल्पलाइन १९१५.

कॅनच्या बाबतीत आणखी एक वाट आहे, ती फार कोणी वापरत नाही. औषध व सौंदर्यप्रसाधने कायद्याच्या कलम २६प्रमाणे कोणताही ग्राहक स्वतः विकत घेतलेलं औषध ठरलेली फी भरून सरकारी विश्लेषकाकडे तपासायला देऊ शकतो आणि त्याच्या सहीचा अहवाल मिळवू शकतो. मध्य प्रदेशात अशी एक प्रयोगशाळा भोपाळला आहे. त्यासाठी एक कॅन सीलबंद, लेबलासह, सावलीत ठेवलेला हवा. कॉलनीने चारही उघडले होते आणि रिकामे झाल्यावर धुऊन पाणी भरायला घेतले.