२८ कप्प्यांचा गोळ्यांचा डबा: बरेच महिने वापरल्यावर

घरी जाऊन रुग्णसेवा करणाऱ्या आम्हा नर्सना हा डबा नवा नाही. आठवड्याचे सात दिवस आणि प्रत्येक दिवसाला चार कप्पे: सकाळ, दुपार, संध्याकाळ, रात्र. पूर्वी घरच्यांनी आणलेला असला तरच वापरायचे. गेले कित्येक महिने मात्र बहुतेक रुग्णांकडे मीच तो लावून देते. वस्तू कामाची आहे, पण लोक तिच्यावर नको तितके विसंबतात.

आधी चांगलं सांगते. ‘गोळी घेतली की नाही’ हा रोजचा वाद मिटतो. शंका आली म्हणून पुन्हा एक घेणं, हा सगळ्यात वाईट प्रकार बराच कमी होतो. मंगळवारी रात्रीचा कप्पा रिकामा असेल तर गोळी डब्यातून बाहेर गेली, एवढं नक्की. पोटात गेली का, ते वेगळं! एका आजोबांच्या उशीच्या अभ्र्यात मला गोळ्यांचा छोटा साठाच सापडला होता. त्यामुळे विसराळू किंवा हट्टी रुग्ण असेल तर डबा असला तरी गोळी समोर उभं राहूनच द्यावी लागते.

खरी मेख डबा भरण्यात आहे. चुकीची गोळी भरली तर हा डबा ती चुकीची गोळी आठवडाभर अगदी वेळेवर देतो. दवाखान्यातून घरी आलेल्या रुग्णाकडे हे हमखास दिसतं. ड्रॉवरमध्ये बीपीची जुनी अॅम्लोडिपिन असते आणि डिस्चार्ज कार्डावर नव्या नावाची गोळी, जिच्यात टेल्मिसार्टन (बीपीचंच दुसरं औषध) आणि अॅम्लोडिपिन एकत्र असतं. नावं वेगळी, रंग वेगळे, म्हणून घरचे दोन्ही कप्प्यात टाकतात आणि अॅम्लोडिपिन दोनदा जातं. मग पाय सुजतात, उठताना चक्कर येते आणि सगळे म्हणतात, वयामुळे होतंय. म्हणून ठळक ब्रँडचं नाव सोडून स्ट्रिपच्या मागची बारीक अक्षरं वाचायची. सर्दीच्या गोळीतलं पॅरासिटामॉल आणि तापाचं पॅरासिटामॉल यांचंही तेच.

माझी पद्धत अशी: आधी डॉक्टरांकडून एकच ताजी यादी पक्की करून घेते आणि बंद झालेल्या औषधांच्या स्ट्रिपा वेगळ्या काढते. मग एकावेळी एकच औषध घेऊन आठवडाभराचे कप्पे भरते. स्ट्रिप उचलताना, गोळी काढताना आणि स्ट्रिप परत ठेवताना अशी तीनदा वाचते. शेवटी घरातल्या कुणाला तरी यादीशी ताडून पाहायला लावते. भरताना कुणी गप्पा मारायला आलं तर सरळ थांबवते. राग आला तरी चालेल.

काही औषधं मी डब्यात घालतच नाही. संधिवाताची मेथोट्रेक्झेट आठवड्यातून एकदाच घ्यायची असते. ती चुकून रोज घेतली गेली तर जिवावर बेतू शकतं, म्हणून तिची वेगळी डबी आणि वर ठरलेला वार मोठ्या अक्षरांत. रक्ताच्या गुठळ्या टाळणारं डॅबिगॅट्रान आणि छातीत दुखल्यावर जिभेखाली ठेवायच्या नायट्रोग्लिसरिनच्या गोळ्या मूळ वेष्टनातच राहिल्या पाहिजेत. वॉरफरिन हीसुद्धा गुठळ्या टाळणारी गोळी; तिचा डोस आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो याची तपासणी) बघून मधेच बदलतो आणि मग भरलेला सगळा आठवडा उपसावा लागतो, म्हणून तीही बाहेर. ‘दुखलं तर घ्या’ अशा गोळ्यांना कप्पा नसतोच. थायरॉइडची गोळी उपाशीपोटी घ्यायची आणि कॅल्शियम किंवा लोह तिच्यापासून चार तास लांब ठेवायचं. चार कप्प्यांत हे बसतं, पण ‘सकाळ’ म्हणून सगळं एकाच कप्प्यात टाकलं की बसत नाही.

स्ट्रिप कात्रीने कापून फॉइलसकट तुकडे कप्प्यात ठेवणारे भेटतात. दमट हवा सोसत नसलेल्या गोळीसाठी युक्ती चांगली वाटते, पण कमी दिसणाऱ्या माणसाने तो धारदार तुकडा तसाच गिळला तर अन्ननलिकेला इजा होते. अशी गोळी स्ट्रिपमध्येच राहू द्यावी आणि ऐनवेळी काढावी.

डब्याबद्दल तक्रारी आहेतच. झाकणावरची वारांची अक्षरं सॅनिटायझरने पुसून पुसून उडाली, आता मी पक्क्या शाईने लिहिते. बोटं आखडलेल्या आजींना झाकण नखाने उघडत नाही, आणि सहज उघडणारं घेतलं तर पिशवीत गोळ्या शेजारच्या कप्प्यात उड्या मारतात. लहान मुलांना तर तो उघडायला काहीच लागत नाही, तेव्हा घरात लहानगं असेल तर वरच्या कपाटात ठेवा. गजर वाजणारा प्रकारही वापरून पाहिला. गजर बंद करून झोपणारे रुग्ण जास्त निघाले.

घ्यायचाच असेल तर प्रत्येक दिवसाची पट्टी सुटी होणारा घ्या. रुग्णाला तपासणीला न्यायचं असेल तर तेवढ्याच दिवसाची पट्टी बरोबर नेता येते, आणि यादीची एक प्रत तिच्याच खाली रबराने अडकवता येते.