पॅक्लोब्युट्राझोल की पोटॅशियम नायट्रेट? मोहोर न धरणाऱ्या आंब्यासाठी

आंबा मोहोरला नाही की पॅक्लोब्युट्राझोल आणि पोटॅशियम नायट्रेट ही दोन नावे हमखास एकत्र घेतली जातात. त्यांची कामे मात्र वेगळी आहेत. शेंड्यावरच्या डोळ्यातून पालवी यायची की मोहोर, हे आधी ठरते आणि डोळा फुटतो तो नंतर. थंडी पडली की पक्व पानांत एफटी नावाचे जनुक जागे होते आणि त्याचे प्रथिन अन्नरसाबरोबर शेंड्याकडे जाऊन मोहोराचा कौल देते. जिबरेलिन हे संजीवक याच्या उलट ओढते; ते भरपूर असले की डोळा पालवीकडे झुकतो.

पॅक्लोब्युट्राझोल जिबरेलिन तयार होण्यातच अडथळा आणते. त्यामुळे सारखी पालवी काढणाऱ्या माजलेल्या झाडाला ते लागू पडते. जमिनीतून दिलेले औषध मुळांवाटे वर चढून परिणाम दिसायला साधारण तीन-चार महिने जातात, म्हणजे मोहोराचा हंगाम तोंडावर आल्यावर धावाधाव करून उपयोग नाही. मात्रा झाडाच्या फांद्यांच्या विस्ताराच्या व्यासावर ठरवतात. ती जास्त झाली तर पेरी आखूड पडतात, मोहोर खुरटा आणि गच्च येतो. औषध मातीत बराच काळ टिकते, म्हणून दरवर्षी डोळे झाकून तेवढीच मात्रा ओतणे मला धोक्याचे वाटते.

पोटॅशियम नायट्रेटचा आंब्यावरचा वापर फिलिपिन्सचे शास्त्रज्ञ रेमन बार्बा यांनी १९७०च्या दशकात पुढे आणला. १ ते ४ टक्क्यांची फवारणी केली की दोन-तीन आठवड्यांत डोळे हलतात. पण मोहोराचा कौल आधीच लागलेला असेल तरच मोहोर. काडी कोवळी असेल तर याच फवारणीने पालवी फुटते! झाड तयार आहे, मोहोर फक्त मागेपुढे येतोय, अशा बागेत मी आधी हेच निवडेन. स्वस्तात भागते आणि चुकले तरी जमिनीत काही उरत नाही.

पाण्याचा ताण, म्हणजे काही काळ पाणी तोडणे, हा तिसरा मार्ग. संत्रा-लिंबू वर्गात ताण स्वतःच एफटी वाढवतो. आंब्यात तो मुख्यतः नवी पालवी थोपवून काडी पिकू देतो, त्यामुळे नुसत्या ताणावर भिस्त ठेवू नये.

एका पिकाचा अनुभव दुसऱ्यावर लादणेही टाळावे. अननसाला इथिलीन फुलवते. द्राक्षात जिबरेलिनमुळे घडाची बाळी (आधाराला वेटोळे घालणारा तंतू) होते; पिनो म्युनिए या जातीतले जिबरेलिनला दाद न देणारे रोप वेगळे वाढवले तेव्हा बाळीच्या जागी घड आले.

आणि झाड कोयीपासून वाढवलेले, अजून लहान असेल तर दोन्ही औषधांचा खर्च वाचवावा. कोवळ्या वयात टीएफएल१ सारखी जनुके फुलण्याला आवर घालतात. सफरचंदात हे जनुक प्रयोगशाळेत दाबल्यावर रोपे कित्येक वर्षे आधी फुलली. बागेत ते शक्य नाही, तिथे फळणाऱ्या झाडाची काडी घेऊन कलम बांधणे हाच जवळचा रस्ता.